विश्लेषण : गुटेनबर्गसाठी रचलेली चाल नाताळच्या गीताला कशी लागली?

उमरेड : सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर भजन बसवणं उमरेडच्या भजनी मंडळांना नवीन नाही. चाल ओळखीची असली की लोक पहिल्याच कडव्याला टाळ्यांचा ठेका धरतात. नाताळात जगभर गायलं जाणारं ‘हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग’ हे गीतही असंच उसन्या चालीवर उभं आहे. फरक इतकाच की, ही चाल भक्तिगीताला शोभणार नाही, असं ती बांधणाऱ्यानंच सांगून ठेवलं होतं.

चाल मूळची कुणाची?

जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन यांची. छपाईच्या शोधाला ४०० वर्षं झाल्याचा सोहळा जून १८४० मध्ये लाइपझिगच्या बाजारचौकात झाला. त्यासाठी त्यांनी योहान गुटेनबर्ग यांच्या गौरवाचं ‘फेस्टगेझांग’ रचलं. उघड्यावर गायचं, म्हणून पुरुषांचा वृंद आणि साथीला पितळी वाद्यं. त्यातल्या एका भागासाठी १८४३ मध्ये त्यांनी लंडनच्या प्रकाशकाला इंग्रजी शब्द सुचवायला सांगितलं. मात्र शब्द धार्मिक नकोत. देशाभिमानाचे, आनंदी, चारचौघांनी गावेत असे हवेत, हेही कळवलं.

मग झालं काय?

मेंडेल्सोन १८४७ मध्ये वारले. १८५५ मध्ये इंग्लंडमधल्या वॉल्थम ॲबी चर्चचे तरुण ऑर्गनवादक विल्यम कमिंग्ज यांनी ती चाल चार्ल्स वेस्ली यांच्या १७३९ च्या नाताळगीताला लावली. वेस्लींचे शब्द तरी कुठे मूळचे उरले होते! त्यांची पहिली ओळ जॉर्ज व्हाइटफिल्ड यांनी आधीच बदलली होती.

खरी अडचण मापाची होती. वेस्लींचं कडवं चार ओळींचं, तर चाल दहा ओळींची. कमिंग्ज यांनी दोन कडवी जोडून आठ ओळी केल्या. उरलेल्या दोन जागी गीताच्या पहिल्या दोन ओळी ध्रुवपदासारख्या पुन्हा आल्या. आजही गीत असंच गातात.

आज असं करता येईल?

भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. कमिंग्ज यांनी आठच वर्षांत चाल उचलली. आजचा हा नियम लावला तर त्यांना परवानगी घ्यावी लागली असती. भजनी मंडळांना मात्र सवलत आहे. कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत सादर करणं हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरातही त्यात धरली आहे. पण ही सवलत सादरीकरणापुरती. तेच भजन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं, तर चालीचा हक्कदार आक्षेप घेऊ शकतो.

मेंडेल्सोन यांची चाल मात्र कुणीही घ्यावी. तिच्यावरचा हक्क केव्हाच संपला आहे.