आजीचे तांदूळ

शेजारच्या पाड्यातील गरजूंसाठी तांदूळ देणाऱ्या आजीने मला विचारले, “पास्टर, माझं तांदूळ पोचलं का?” मला सांगता आले नाही. अर्पण मी एकटाच मोजत असे, नोंद ठेवत नसे.

तेव्हा करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा ८ वा अध्याय पुन्हा वाचला. मासेदोनियातील मंडळ्या अतिशय दरिद्री होत्या, तरी यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी त्यांनी ऐपतीपलीकडे दिले. त्याआधी स्वतःला प्रभूला दिले. पौल राहुट्या करून स्वतःचे पोट भरत असे. तरीही ती वर्गणी नेताना, कोणी दोष लावू नये म्हणून, मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत असावा अशी व्यवस्था होती.

आता आम्ही अर्पण दोन वडिलांसमोर मोजतो आणि उपासनेनंतर हिशेब वाचतो. प्रिय बंधुभगिनींनो, गरिबाच्या दानाचा चोख हिशेब ठेवणे, हीदेखील पाळकाची सेवाच आहे.