फेर्मी विरोधाभास

आकाशगंगेत प्रगत जीवसृष्टी अनेक ठिकाणी असण्याची शक्यता आणि तिचा एकही निर्विवाद पुरावा न मिळणे, यांतील विसंगती. एन्रीको फेर्मी (१९०१–५४) या भौतिकीविज्ञांनी १९५० च्या उन्हाळ्यात लॉस ॲलॅमॉस येथे सहकाऱ्यांबरोबर भोजन करीत असताना ‘ते सर्व आहेत तरी कोठे?’ अशा आशयाचा प्रश्न विचारला. त्यावरून ही संज्ञा रूढ झाली.

आकाशगंगेत सु. १०,००० कोटी वा त्याहून अधिक तारे असून तिचा व्यास सु. १ लाख प्रकाशवर्षे आहे. प्रकाशवेगाच्या एक शतांश वेगाने जाणारे यान ती सु. १ कोटी वर्षांत ओलांडील. आकाशगंगेचे वय सु. १,३०० कोटी वर्षे असल्याने त्या मानाने हा काळ अल्प ठरतो. म्हणून अन्य संस्कृती असत्या, तर त्या पृथ्वीपर्यंत पोहोचल्या असत्या, असा युक्तिवाद मायकेल हार्ट यांनी १९७५ मध्ये मांडला.

या विसंगतीची स्पष्टीकरणे मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिल्यानुसार बुद्धिमान जीव अतिदुर्मिळ आहेत. पृथ्वीवर सूक्ष्मजीव निदान ३५० कोटी वर्षांपूर्वी अवतरले; परंतु प्राणिसृष्टी अवघ्या सु. ६० कोटी वर्षांपूर्वीची आहे. दुसऱ्यानुसार आंतरतारकीय प्रवास अत्यंत खर्चिक असून रेडिओ संदेशांचा शोधही अपुरा आहे. फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये ग्रीन बँक येथून दोन ताऱ्यांचे निरीक्षण करून या शोधास आरंभ केला. तोवर झालेला शोध व शोधावयाचे संपूर्ण क्षेत्र यांचे प्रमाण एखादा लहान पोहण्याचा तलाव व पृथ्वीवरील सर्व महासागर यांतील पाण्याच्या प्रमाणाइतके आहे, असा अंदाज २०१८ मध्ये वर्तविण्यात आला.

तिसरे स्पष्टीकरण कालविषयक आहे. ड्रेक यांच्या १९६१ मधील समीकरणातील अखेरचा घटक म्हणजे संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृतीचे आयुर्मान होय. ते काही सहस्र वर्षांचेच असेल, तर एक संस्कृती उदयास येईपर्यंत दुसरी लयास गेलेली असेल. मानवाची रेडिओविद्या जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे; अण्वस्त्रे तर तिच्याहूनही अलीकडची आहेत.

मंगळासारख्या ग्रहावर स्वतंत्रपणे उद्भवलेले सूक्ष्मजीव आढळल्यास जीवोत्पत्ती दुर्मिळ नाही, असे दिसेल. मग अडथळा जीवविकासाच्या पुढील टप्प्यांत वा संस्कृतीच्या अल्पायुष्यात शोधावा लागेल. या दृष्टीने हा प्रश्न मानवाच्या भवितव्याशीही निगडित आहे.