'गुण' आणि गुणसंख्या : कबड्डीपटूच्या प्रथम हंगामाचे मूल्यमापन

शिवडी, लालबाग, परळ या गिरणगावात कबड्डीपटूची पारख जाणत्यांच्या नजरेने होत आली. व्यावसायिक स्पर्धांनी तिला आकड्यांची जोड दिली. परंतु मराठीत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: अंगची योग्यता आणि मोजलेली संख्या. पहिल्या हंगामाअखेर या दोहोंची गल्लत होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याने २०१८ साली 'यू मुंबा'कडून प्रो कबड्डीत पदार्पण करून २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळविले. नवख्याच्या लकबी प्रतिपक्षास अपरिचित असतात. म्हणून एवढ्यावरून योग्यता सिद्ध होत नाही. २०१९ साली 'तेलुगू टायटन्स'कडून त्याने २२ सामन्यांत २१७ गुण मिळविले. सरासरी १०.४ वरून ९.९ वर आली. ही घट अल्प होय. किंबहुना खेळ परिचयाचा झाल्यावरही टिकलेली सरासरी हेच योग्यतेचे अधिक विश्वसनीय गमक होय.

मध्यरक्षकाबाबत मात्र आकडा अपुरा पडतो. योग्य जागा धरून त्याने चढाईपटूस रिकाम्या हाती परतविले, तर त्याच्या नावे काहीच जमा होत नाही. अशा तरुणास केवळ गुणसंख्येवरून वगळणे अन्यायाचे ठरेल. तेथे जाणत्यांच्या नजरेवाचून गत्यंतर नाही.