आधी घटना, मग जग

पसरणी घाट उतरून वाईला कॉलेजात जाणारी आमची पाचगणीची मुलं राज्यशास्त्र घेतात, ती बहुतेक बातम्या बघून. त्यांना पहिल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय राजकारण हवं असतं. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, पेपरांचा क्रम विद्यापीठ ठरवतं; पण मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि घरचं वाचन आपल्या हातात असतं. इतकी वर्षं हा विषय शिकवल्यावर माझा आग्रह एकच आहे: सुरुवात राज्यघटनेपासून करा.

का, ते आपल्या गावावरूनच कळतं. १७ जानेवारी २००१ला केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. तेव्हापासून इथल्या बांधकामावर, झाडं तोडण्यावर निर्बंध आहेत. मुलं विचारतात, "मॅडम, जागा आमची, नगरपरिषद आमची, मग दिल्लीचा काय संबंध?" अर्धी पदवी या प्रश्नात आहे. ती अधिसूचना निघाली १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. त्या कायद्याचं मूळ १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत. इंदिरा गांधी तिथे बोलल्या होत्या. अशा परिषदेतले निर्णय अमलात आणायला संसद देशभरासाठी कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला, म्हणजे एरवी राज्यांनी कायदे करायचा, असला तरी. हा अधिकार अनुच्छेद २५३चा. आता ज्याला राज्यसूची म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याला स्टॉकहोम शिकवून काय उपयोग?

म्हणून पहिल्या वर्षी घटना, दुसऱ्या वर्षी लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य. ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या १८ विषयांत नगरनियोजन आहे आणि पर्यावरणरक्षणही. दिल्ली आणि नगरपरिषद यांची ओढाताण तिथे नीट समजते. आंतरराष्ट्रीय राजकारण त्यानंतर.

विचारवंतांची सुरुवात प्लेटोपासूनच व्हावी, असं मला वाटत नाही. घटना वाचून झाली की आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण वाचावं, मग फुले, मग मागे ग्रीसकडे जावं. मायनर शक्यतो अर्थशास्त्र घ्यावं, म्हणजे नगरपरिषदेचं अंदाजपत्रक वाचता येतं. आणि फील्ड प्रोजेक्टच्या आधी संशोधन पद्धती हवीच. नाहीतर प्रश्नावली घेऊन मुलं बाजारात फिरतात आणि कुणाला काय विचारायचं तेच ठरलेलं नसतं.

घटनेपासून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण मला फार जवळचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरच्या अडचणीमुळे एखाद्या मुलीला वर्षभरातच थांबावं लागलं, तर निदान मूलभूत हक्क आणि ग्रामसभा या घटनेतल्या दोन गोष्टी तिच्याबरोबर घरी गेल्या पाहिजेत.