पुराची किंमत कशी मोजतात?

भिवंडी तालुक्यातील दिघाशी गावात आणि भिवंडी शहरात एका रात्री सारखाच पाऊस पडला, अशी कल्पना करू. गावाकडे भातखाचरात गुडघाभर पाणी साचले, तर बांध फोडून ते काढून देता येते. रोपे एक-दोन दिवस बुडाली तरी बहुधा तगतात. तेवढेच पाणी शहरातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात शिरले, तर मोटारी निकामी होतात, सूत भिजते, बीमवरचा ताणा वाया जातो. पाऊस एकच, नुकसान मात्र निराळे. म्हणून जोखीम मोजताना तीन गोष्टी पाहतात : संकट किती वेळा व किती जोराने येते, त्याच्या वाटेत काय आहे, आणि वाटेतली वस्तू तो मार कितपत सोसते.

पहिल्या गोष्टीसाठी ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. तो फसवा आहे. एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निश्चिंत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची संभाव्यता १/१०० आहे, एवढाच अर्थ. मग तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची संभाव्यता किती? ०.९९ चा तिसावा घात सुमारे ०.७४ येतो. म्हणजे न येण्याची शक्यता ७४ टक्के, येण्याची २६ टक्के. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

आता पैशाकडे वळू. समजा, भिवंडीत कामवारी नदीजवळच्या सखल भागात एक लहान कारखाना आहे. (पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराने ५० हजार रुपयांचे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराने ४ लाखांचे आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराने १० लाखांचे नुकसान होते. आडव्या अक्षावर ०.२०, ०.०४ व ०.०१ या संभाव्यता आणि उभ्या अक्षावर नुकसान घेऊन आलेख काढावा. बिंदू सरळ रेषांनी जोडले की आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे वर्षाकाठची सरासरी हानी. पहिल्या समलंबाचे ३६ हजार, दुसऱ्याचे २१ हजार, उरलेल्या टोकाचे सुमारे १० हजार. एकूण ६७ हजार. निम्म्याहून अधिक वाटा त्यातल्या त्यात लहान पुरांचा आहे, हे लक्षात घ्यावे. दीड लाख खर्चून माग उंच जोत्यावर घेतले आणि त्यामुळे पहिले नुकसान शून्यावर, दुसरे २ लाखांवर आले, तर सरासरी ४४ हजारांवर येते. वर्षाला २३ हजार वाचतात. साडेसहा वर्षांत खर्च फिटतो.

शहराचा हिशेब मात्र एवढ्यावर भागत नाही. घरांना लागणाऱ्या आगी बहुधा वेगवेगळ्या दिवशी लागतात. पूर हजारो कारखान्यांत एकाच दिवशी शिरतो. विमा कंपन्या स्वतःच पुनर्विमा उतरवतात, त्याचे एक कारण हेच. शिवाय मोजमापही सोपे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एका पर्जन्यमापकावरून शेजारच्या शहराचे अनुमान कसे काढणार? त्यात भिवंडीचे पाणी वसईच्या खाडीकडे जाते. भरतीच्या वेळी त्याचा निचरा मंदावतो. आणि भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली, की पाऊस तेवढाच राहूनही जोखीम वाढते.

मुंबईच्या पुरांविषयीचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाण्याचा निचरा सुधारल्यास शंभर वर्षांच्या पुराची हानी ७० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकेल, आणि सर्वांना विम्याचे संरक्षण मिळाल्यास अप्रत्यक्ष हानी जवळजवळ निम्मी होईल, असे त्यात म्हटले आहे.

अप्रत्यक्ष हानी म्हणजे बंद पडलेले काम. भिवंडीतल्या माग चालवणाऱ्या कामगाराला विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी मिळते. माग पंधरा दिवस बंद राहिले, तर त्याचे पंधरा दिवस कोरडे जातात. त्याच्या खोलीतले भिजलेले धान्य आणि अंथरूण यांची किंमत काही हजारच भरेल. मालकाच्या लाखांपुढे बेरजेत ती दिसतही नाही. म्हणून नुकसान रुपयांत मांडून झाल्यावर ज्याचे त्याच्या किती दिवसांच्या कमाईइतके गेले, असा आणखी एक रकाना तक्त्यात घालावा. त्या रकान्यात ओळींचा क्रम बहुधा उलटा लागतो.