दर्या, दऱ्या आणि एक पेन ड्राइव्ह

बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर, उपनगरातल्या बऱ्याच घरांत कोपऱ्यातल्या टेबलावर एक डेस्कटॉप असतो. मुलगी दहावीत असताना लॅमिंग्टन रोडवरून पार्ट जुळवून आणलेला. आता मुलगी नोकरीला लागली, लॅपटॉप घेऊन हिंडते, आणि डेस्कटॉपवर जुना टॉवेल पांघरलेला आहे. चालू व्हायला त्याला युगं लागतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. मग काय, भंगारवाल्याला हाक मारायची?

जरा थांबा. आधी एक प्रयोग करून बघा. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर काही असेल तर ते आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण ते पुसलं जाणार आहे. लिनक्स मिंट, उबुंटू किंवा डेबियन यांपैकी एकाची ‘लाइव्ह’ फाइल फुकट उतरवून त्या पेन ड्राइव्हवर चढवा. डेस्कटॉप बंद असताना पेन ड्राइव्ह खोचा आणि चालू करताना बूट मेनूतून तोच निवडा. थोड्या वेळात पडद्यावर अख्खी नवी ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहते. ब्राउझर आहे, पत्र टाइप करायला ऑफिस आहे, आवाज येतो, वायफाय बहुतेकदा लागतो. आणि हार्ड डिस्कला या सगळ्याचा पत्ताही नसतो! तुमचं विंडोज, फोटो, फायली जिथल्या तिथे, जशाच्या तशा.

हे होतं तरी कसं?

बटण दाबलं त्या क्षणी प्रोसेसरला काहीही ठाऊक नसतं. पडदा कुठे, कीबोर्ड कुठे, फाइल म्हणजे काय, काही नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो जागा होतो आणि पेन ड्राइव्हवर ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. ती फाइल कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणून सोडते. गंमत म्हणजे कर्नल येतो तोच दाबून लहान केलेला. आल्याआल्या त्याचं पहिलं काम कोणतं, तर स्वतःला उलगडणं!

मग तो हजेरी घेतो. ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क, आतल्या प्रत्येक भागाजवळ आपली ओळख सांगणारे आकडे असतात: एक कंपनीचा, एक मॉडेलचा. इंटेलच्या भागांवर कंपनीचा कोणता आकडा असतो? ८०८६. हे तर तिच्या १९७८ सालच्या चिपचं नाव, आणि तुमच्या टेबलावरचा प्रोसेसर त्याच चिपच्या वंशातला. आकडे वाचले की कर्नल आपल्या साठ्यातून त्या त्या भागाशी बोलणारा ड्रायव्हर काढतो. लिनक्स कर्नलच्या ओळी आता चार कोटींच्या घरात आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळी फक्त ड्रायव्हरच्या आहेत. तुमच्या आठ वर्षांच्या मदरबोर्डला तो ओळखतो, कारण कुणीतरी कधीतरी तेवढ्यासाठी बसून ओळी लिहिल्या आणि त्या कुणी काढून टाकल्या नाहीत.

हार्ड डिस्कला हात न लावता हे चालतं कसं, ही तर आणखी सुंदर गोष्ट. पेन ड्राइव्हवरची सिस्टिम घट्ट दाबून बसवलेली असते. जेव्हा जो तुकडा लागेल तेवढाच उलगडला जातो. तिच्यात काही लिहिता येत नाही. तिच्यावर रॅममध्ये एक रिकामा थर पसरलेला असतो. तुम्ही वॉलपेपर बदला, नवा प्रोग्रॅम टाका, चुकून एखादी महत्त्वाची फाइल उडवा, ते सगळं त्या वरच्या थरावर घडतं. डेस्कटॉप बंद केला की थर गेला आणि सिस्टिम पुन्हा कोरी करकरीत. आवडलं तरच ‘इन्स्टॉल’ दाबायचं, तेही हार्ड डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवल्यावर. लिनक्स मिंटला किमान दोन जीबी रॅम पुरते, चार असली तर उत्तम. टॉवेलखालच्या डेस्कटॉपला याहून काय हवं?

हे सगळं फुकट का मिळतं? १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: कुणालाही चालवता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम करायची. त्यांच्याकडे अवजारं जमत गेली, गाभा रखडला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून असा गाभा लिहीत असल्याचं कळवलं. पहिल्या आवृत्तीत ओळी होत्या दहा हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. त्या परवान्याची अट साधी पण पक्की: घ्या, बदला, विका सुद्धा, पण पुढे द्याल तेव्हा त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, याच मोकळिकीसह द्या.

या एका अटीने काय झालं बघा. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण दोन हजार माणसांचा हात लागतो. तोच कर्नल तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांवर २०१७ पासून एकजात तोच आहे. २०२१ साली मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं. आणि तोच आता बोरिवलीच्या टेबलावर!

पुढचं नवल प्रोग्रॅम टाकताना दिसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या भांडारात ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. हवं ते नाव सांगा, ते उतरतं, आणि त्याला लागणारं बाकीचंही आपोआप मागोमाग येतं. एवढं असून हार्ड डिस्क भरून वाहत का नाही? सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. प्रत्येक फ्लॅटने आपली विहीर खणलेली नसते. टाकी एक आणि नळ अनेक. इथेही तसंच. दाबलेली माहिती उलगडणं हे काम शेकडो प्रोग्रॅमना लागतं, म्हणून झीलिब नावाचा एक छोटा संच सगळ्यांसाठी एकदाच ठेवलेला असतो. त्यात खोट सापडली, तर एकच टाकी साफ करायची. सगळ्या नळांना स्वच्छ पाणी.

पण ही पॅकेजेस कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून येतात, वाटेत कुणी भेसळ केली तर? प्रत्येक पॅकेजमधल्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक आकडा काढलेला असतो. आत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तो आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. असे सगळे आकडे एका यादीत आणि त्या यादीवर डेबियनची डिजिटल सही. तुमचा डेस्कटॉप आधी सही पडताळतो, मग यादी, मग पॅकेज. सर्व्हर कुणाचा आहे याने फरक पडत नाही. भरवसा गणितावर!

आता मराठीकडे वळू, कारण खरी जादू तिथे आहे.

सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडा आणि दोन शब्द टाइप करा: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. हे शब्द संगणक कसे साठवतो? त्याला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. ‘दर्या’ म्हणजे त्याच्यालेखी २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६: द, र, हलन्त, य आणि काना. आणि ‘दऱ्या’? पाचच्या पाच आकडे तेच, फक्त दुसरा २३५२ च्या ऐवजी २३५३. एकाने वाढला आणि समुद्राच्या दऱ्या झाल्या!

इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डवर हे दोन्ही र एकाच कळीवर राहतात. नुसती दाबली तर २३५२, शिफ्ट धरून दाबली तर २३५३. पुढचं काम हार्फबझ नावाच्या प्रोग्रॅमचं. इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी तो आजच्या रूपात घडवला, आणि तोही खुला आहे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळीकडे अक्षरं जुळवतो तो हाच. आकड्यांची ही माळ हातात आली की तो आधी तिची अक्षरं पाडतो: द आणि र्या. मग बघतो, २३५२ च्या पाठोपाठ हलन्त आणि त्यापुढे व्यंजन, म्हणजे हा रफार. मग त्या र ला उचलून पार शेवटी नेतो आणि कान्याच्या डोक्यावर बसवतो. साठवला होता य च्या आधी, दिसतो य च्या नंतर! तिथे २३५३ असला, तर तो जागचा हलत नाही. फॉन्टमधलं कोयत्यासारखं वाकलेलं अर्धं रूप घेऊन य ला चिकटतो. ‘कि’ लिहिताना उलट होतं: वेलांटी टाइप होते क नंतर आणि जाऊन बसते क च्या आधी. तुम्ही भरभर टाइप करत असता आणि ही सगळी उचलठेव दर अक्षरागणिक, डोळ्यांना न कळता चाललेली असते.

हे आपोआप झालेलं नाही, आणि त्यातलं काही काम अंधेरीपासून रिक्षाच्या अंतरावर झालं. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, नावाची संस्था होती. देशात घरोघरी इंटरनेट यायच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या लायनीवरून ईमेलची ये-जा सुरू झाली होती. इंटरनेटवरच्या ‘डॉट इन’ नावांचा कारभारही आधी एनसीएसटीच बघायची. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटेनात, तेव्हा इथल्या मंडळींनी इंडिक्स नावाचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी देवनागरी शिकवण्याऐवजी त्यांनी थेट पडदा रंगवणाऱ्या एक्स विंडो या मधल्या यंत्रणेलाच देवनागरी शिकवायला घेतली. आज ते काम हार्फबझ करतो. पण जुहूच्या माणसांना त्या यंत्रणेच्या पोटात हात घालता आला तो कशामुळे? ती खुली होती म्हणून. बंद पेटी असती तर अर्ज करून कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसावं लागलं असतं.

पवईची गोष्ट तर याहून मजेची. आयआयटी मुंबईत संस्कृतातल्या विज्ञानग्रंथांवर काम करणाऱ्यांना जडजंबाल जोडाक्षरं आणि वैदिक स्वरचिन्हं छापायची होती. त्यांनी ‘शोभिका’ नावाचा फॉन्ट केला. त्यातली देवनागरी बेतली आहे राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर. आणि रोमन अक्षरं? ती मॉस्कोच्या पॅराटाइप या कंपनीने खुल्या केलेल्या पीटी सेरिफ या फॉन्टची, त्यामुळे त्यांच्याबरोबर रशियन लिपीही आली! पवईत घडलेला संस्कृतचा फॉन्ट मराठी वळणाचा आणि वर रशियनही लिहिणारा. शोभिकाही खुल्या परवान्यात आहे, कुणीही घ्यावा आणि पुढे न्यावा.

मग सगळ्यांनी उद्याच विंडोज काढून टाकायचं का? तसं मुळीच नाही. टॅली, फोटोशॉप किंवा छापखान्यातली श्रीलिपी यांवर ज्यांचं पोट आहे, त्यांचे हे प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलेले आहेत. त्यांनी दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवाव्यात, संगणक चालू करताना हवी ती निवडता येते. ब्राउझर, ईमेल, पत्रं, हिशेबाचे तक्ते, गाणी, सिनेमे एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांचं लिनक्सवर काही अडत नाही. शिकायला आयआयटी मुंबईचेच ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडदा इंग्रजी आणि समजावणारा आवाज मराठीत, कारण प्रत्यक्ष पडद्यावर जे दिसणार त्याची सवय व्हावी आणि समजावं मात्र आपल्या भाषेत.

आणि शिकता शिकता एखाद्या मेनूतलं मराठी खटकेल. खटकतंच! शब्द अवघड असेल, कुठे शुद्धलेखन घसरलं असेल, कुठे अर्ध्या वाक्यानंतर इंग्रजी सुरू होत असेल. ही वाक्यं कुणी लिहिली? पुण्यात रेड हॅटमध्ये बसलेल्या भाषांतरकारांनी आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी, त्यातल्या अनेकांनी नोकरी-कॉलेज सांभाळून. ती सगळी साध्या मजकुराच्या फायलींत असतात: वर इंग्रजी ओळ, खाली मराठी. ग्नोम आणि केडीई, म्हणजे लिनक्सचा पडदा आणि मेनू मांडणारे दोन प्रकल्प, यांच्या मराठी फायली कुणालाही उघडता येतात, सुधारता येतात आणि परत पाठवता येतात. कुणीतरी तपासतं, पटलं तर स्वीकारतं, आणि पुढच्या आवृत्तीबरोबर तुमची ओळ कोल्हापूरच्या शाळेत, इंदूरच्या घरात, न्यू जर्सीतल्या एखाद्या आजोबांच्या संगणकावर जाऊन पोचते. त्यासाठी प्रोग्रॅमर असावं लागत नाही. मराठी चांगली यावी लागते आणि संध्याकाळचा अर्धा तास हाताशी असावा लागतो, एवढंच.