क्लोरीनला पुरून उरणारा पोशाख

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की तरणतलावांवर नावनोंदणीची झुंबड उडते. पंधरा-वीस दिवसांच्या शिबिरापुरता कोणताही स्विमिंग कॉश्च्युम चालून जातो. प्रश्न पडतो तो शिबिर संपल्यावरही पाण्याबाहेर यायला तयार नसलेल्या मुलांच्या पालकांना. आठवड्यातून सहा दिवस, पहाटे दीड-दोन तास असा सराव सुरू झाला, की हौसेने घेतलेला पोशाख काही महिन्यांतच विटतो, मागच्या बाजूने विरळ होतो आणि पाण्यात पिशवीसारखा फुगू लागतो. मग दुकानदाराला बोल लावला जातो. खरे कारण मात्र पोशाखाच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा स्पष्ट छापलेले असते.

या चिठ्ठीवर बहुतेक वेळा '८० टक्के नायलॉन, २० टक्के इलास्टेन' असे किंवा त्याच्या जवळपासचे प्रमाण आढळते. इलास्टेन म्हणजे ज्याला सर्रास लायक्रा म्हटले जाते, तो धागा. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तो १९५८ मध्ये विकसित केला. मूळ लांबीच्या पाचपट ताणला, तरी तो पुन्हा पूर्ववत होतो. पोशाख अंगाला चापून बसतो तो याच्याच बळावर. पण तलावातील क्लोरीन नेमका याच धाग्याच्या मुळावर उठतो. लांबलचक रेणूंच्या साखळ्या क्लोरीनमुळे जागोजागी तुटतात, ताण निघून जातो आणि एकदा गेलेला ताण कोणत्याही उपायाने परत येत नाही. नायलॉनलाही क्लोरीनचा त्रास होतोच. त्याचा रंग तर फारच लवकर उतरतो. आपल्याकडील बरेचसे तलाव उघड्यावर असल्याने उन्हाचा मारा त्यात भर घालतो.

म्हणून नियमित सरावासाठी शोधायचा तो पॉलिएस्टर आणि पीबीटी यांच्या मिश्रणाचा पोशाख. पीबीटी हा पॉलिएस्टरच्याच कुळातील धागा. त्याची लवचीकता इलास्टेनवर अवलंबून नसून त्याच्या स्वतःच्या घडणीतच असते. क्लोरीनला तो दाद देत नाही आणि रंगही पुष्कळ काळ धरून ठेवतो. साधारण निम्मे पॉलिएस्टर आणि निम्मे पीबीटी असे प्रमाण असलेले पोशाख मोठ्या कंपन्या खास सरावासाठी म्हणून विकतात. त्यांची किंमत अधिक असते, हे खरे. पण एका पोशाखाच्या किमतीपेक्षा तो किती महिने टिकला याचा हिशेब मांडला, तर महाग कोणता हे लगेच उमगते. त्यांचा स्पर्श थोडा राठ असतो आणि पहिल्या दिवशी पोशाख आखडल्यासारखा वाटतो, एवढी एक गैरसोय सोसावी लागते. काही पोशाखांत क्लोरीनला अधिक प्रतिकार करणारे इलास्टेन वापरलेले असते. तो मधला मार्ग म्हणता येईल. सुती कपड्याचा मात्र विचारही नको. तो पाणी पिऊन जड होतो, त्याचे तंतू गाळण यंत्रणेत अडकतात, आणि बहुतेक तलावांवर त्याला मज्जाव असतो.

शर्यतीचा पोशाख महाग, म्हणजे तो अधिक टिकाऊ, हाही एक गैरसमज. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंगभर पोशाखांचा बोलबाला झाला, २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम नोंदले गेले आणि १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने तसे पोशाख बंद केले. आजचे शर्यतीचे पोशाख विणलेल्या कापडाचेच असतात. परंतु ते मोजक्या शर्यतींपुरतेच बेतलेले असतात. रोजच्या सरावाला ते वापरणे म्हणजे लग्नातला शालू नेसून धुणी धुण्यासारखे आहे.

कापडाइतकेच महत्त्व मापाला. वाढत्या अंगाचे म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली जुनी सवय शाळेच्या गणवेशाला शोभते, येथे नाही. कापड ओले झाले, की आणखी सैल पडते. त्यामुळे कोरडेपणी घट्ट, पण न काचणारा पोशाख योग्य समजावा. दोन्ही हात डोक्यावर ताणून, कमरेत वाकून पाहावे. खांद्यावरचे पट्टे रुतत असतील तर माप लहान. पाठीवर किंवा कमरेपाशी कापड सुटत असेल तर मोठे. मुलग्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या पोशाखाला कमरेत नाडी हवीच. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक नाजूक आहे. पोशाख सैल किंवा विरळ झाल्याचे मुलीच्या ध्यानात येते. पण ती घरी बोलेलच असे नाही. आज पोट दुखते, उद्या झोप झाली नाही, असे करत सरावच सुटतो. महिन्यातून एकदा पोशाख उजेडासमोर ताणून धरावा. आरपार दिसू लागले, की त्याचे दिवस भरले.

काळजीचे म्हणाल तर पाण्यात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ करावी. आधीच भिजलेले कापड क्लोरीनचे पाणी कमी शोषते. शिवाय तलावाचा तो नाकात जाणारा वास क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन येतो, तोही कमी होतो. सराव आटोपताच पोशाख गार पाण्यात खळबळून काढावा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सावलीत वाळवावा. ओला पोशाख पिशवीत कोंबून दिवसभर तसाच ठेवणे सर्वांत वाईट. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन वर्ज्य. काठाच्या खरबरीत फरशीवर बसून सरकण्याची मुलांची खोडही मोडायला हवी. मागची बाजू आधी झिजते ती त्यामुळेच. दोन पोशाख आलटून-पालटून वापरले, तर प्रत्येकाला नीट सुकायला वेळ मिळतो.

सैल झालेला जुना पोशाख लगेच टाकून देण्याची घाई नको. अनेक जलतरणपटू सरावात तो नव्या पोशाखावर चढवतात. त्याने पाण्याचा अवरोध वाढतो, हातापायांना अधिक मेहनत पडते आणि शर्यतीच्या दिवशी तो उतरवला, की अंग हलके वाटते.